केनियाला व्हाया पुणे

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तारखा हाच माझा धंदा. ३१ जुलैच्या आत रिटर्न भरायचं हे वर्षभर ठाऊक असलेली शहाणीसुरती माणसं ३० तारखेला रात्री पिशवीभर कागद घेऊन दारात उभी राहतात, आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, मुदत वाढंल न्हवं?" त्यामुळे केनियाला जायचं घरात ठरलं तेव्हा बाकीचे सिंह-जिराफांचे व्हिडिओ बघत बसले आणि मी कॅलेंडर घेऊन उलटं मोजायला बसले.

आम्ही जाऊन आलोय हे कळल्यापासून फोन सुरू झालेत. "वहिनी, औषधांची यादी तेवढी पाठवा की." यादी पाठवायला काही जात नाही, पाठवते. पण या सगळ्यात यादीचं काम सगळ्यात शेवटी येतं. मेडिकलमधून गोळ्या आदल्या दिवशीही आणता येतात, लस लागू व्हायला लागणारे दहा दिवस आणता येत नाहीत. एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहितेय.

केनियातल्या मसाई माराच्या अभयारण्यात विल्डबीस्ट हरणांचे कळप नदी ओलांडताना बघायचे तर साधारण जुलै ते ऑक्टोबर हा काळ. जुलै माझ्या धंद्यामुळे बाद. गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्याच्या पुढे होते, त्यामुळे ऑगस्टची अखेर उरली. आता कोल्हापूरकराला ऑगस्ट म्हटलं की काय आठवतं? पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. पावसाळ्यात आमच्याकडे नातेवाइकांची खुशाली नंतर विचारतात, आधी "पाणी किती फुटावर हाय?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलं आणि पुण्याचा रस्ताच बंद झाला. म्हणजे लसीसाठी पुण्याला जायचं असेल तर ते पाऊस लागायच्या आत. त्यात माझ्या मोठ्या जाऊबाई माळकरी, आषाढी वारीला चालत जाणाऱ्या. त्यांना मी ताई म्हणते. ताईंनी सांगून टाकलं, "वारीच्या तोंडावर मला सुई नको. ताप आला तर चालू कशी?" तेही बरोबरच होतं. असं मागे मागे येत गाडी मेअखेरीला येऊन थांबली. ऑगस्टअखेरच्या सहलीसाठी मेमध्ये लस म्हटल्यावर रंकाळ्यावर आमच्यासोबत फिरणारी तज्ज्ञ मंडळी हसली. हसू देत.

पहिली आणि सगळ्यात अडवणारी लस म्हणजे पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची. तिचा नियम नीट समजून घ्या, कारण यात भलेभले गोंधळतात. भारतातून थेट केनियाला उतरणाऱ्या माणसाला तिथे हा दाखला लागतोच असं नाही. भारत पिवळ्या तापाचा देश नाही. दाखला लागतो तो परत येताना, आपल्या मुंबईच्या विमानतळावर. पिवळ्या तापाच्या देशातून येणाऱ्या माणसाकडे तो नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस व्हायच्या आत तो त्या देशात जाऊन आला असेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. मंत्री असो, संत्री असो. केनियासारखाच हा नियम युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना, तसंच ब्राझील-पेरूसारख्या दक्षिण अमेरिकेतल्या देशांनाही लागतो. मधे दुबईत उतरून दोन दिवस पुतणीकडे राहिलं तरी सुटका नाही, कारण तो देश सोडल्यापासून सहा दिवस मोजतात.

आपल्याच माणसांना आपल्याच दारात एवढं का अडवतात, हे मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या गच्चीवरच्या पिंपात काय आहे ते बघा." पिवळा ताप पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच. पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालणारा. तो आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. माणसं आहेत, आणि त्यांतल्या कुणाच्याच अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. नाही तो फक्त विषाणू. तो एका तापलेल्या प्रवाशाच्या रक्तातून यायचा अवकाश, बाकी सगळी तयारी आपण पिंपं, कुंड्या, टायर उघडे ठेवून करूनच ठेवलीय. पालिकेच्या बायका पावसाळ्यात घरोघरी येऊन पाण्याची भांडी तपासतात, तेव्हा आपण त्यांना दारातूनच "सगळं स्वच्छ हाय आमचं" म्हणून पाठवतो. मीही पाठवायचे. हल्ली गच्चीवर नेते.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती घेतली तर दाखला चालतो. केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालय जाहीर करतं, ती ताजी बघून घ्या. आम्हा सगळ्यांना एकाच दिवशी जमेल अशी तारीख मिळाली ती पुण्यात. केंद्रं लस ठरावीक दिवशीच का देतात, आधी नोंदणी का मागतात, यावर आमच्या ह्यांनी पुण्याच्या एकूण स्वभावावर भाषण सुरू केलं होतं. कारण साधं आहे. एका कुपीत अनेक जणांचे डोस असतात. पूड आणि पाणी एकत्र केलं की ती काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. माणसं गोळा झाल्याशिवाय कुपी उघडणं म्हणजे नासाडी. हे ऐकल्यावर भाषण थांबलं. म्हणजे, त्या विषयावरचं थांबलं.

पहाटे निघालो, साताऱ्याच्या पुढे नाष्टा केला, वेळेत पोचलो. मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, चालू गोळ्यांची चिठ्ठी. दंडात छोटी सुई, अर्धा तास बसवून ठेवलं, झालं. मग ते पिवळं कार्ड. इथे माझ्यातला करसल्लागार जागा झाला आणि मी सगळ्यांची कार्डं खिडकीतून हलायच्या आत तपासली. नाव पासपोर्टवर आहे तस्संच, अक्षर न अक्षर. पासपोर्ट क्रमांक. लसीची तारीख, बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि तुमची स्वतःची सही. आमच्यात एकाच्या कार्डावर पासपोर्टच्या क्रमांकातला एक आकडा उलटा पडला होता. तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळाला. हेच मुंबईत उतरल्यावर लक्षात आलं असतं तर? पॅन आणि आधारमधल्या नावाच्या फरकापायी लोकांचे परतावे अडकलेले मी रोज बघते, म्हणून हा काटेकोरपणा.

चांगली बातमी अशी की हे कार्ड आता आयुष्यभर चालतं. पूर्वी दहा वर्षांनी पुन्हा लस घ्यावी लागायची. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानं ते आजन्म ग्राह्य झालं, जुनी कार्डंसुद्धा. त्यामुळे पासपोर्टसोबत जपून ठेवायचं. माझ्या एका अशिलाला, हजला जाणार होते ते, हा दहा दिवसांचा हिशोब मला समजवावा लागला नाही. हजच्या यात्रेकरूंना मेंदूज्वराची लस सौदीत पोचायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते, त्यामुळे त्यांच्या घरात हे मोजमाप पाठ होतं. उलट त्यांनीच मला विचारलं, "तुमचे दहा दिवस लस टोचल्याच्या दिवसापासूनच ना?" हो, तिथूनच.

आता ताईंची गोष्ट. पुण्याला निघायच्या आधी डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं, अंड्याची ॲलर्जी कुणाला? कारण ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवतात. मॅक्स थायलर या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात पिवळ्या तापाचा विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवत वाढवत इतका निवळवला की तो रोग देईना, पण प्रतिकारशक्ती देऊ लागला. त्या १७डी जातीवरच आजच्या लसी उभ्या आहेत. १९५१ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं. डॉक्टरांनी हे कौतुकानं सांगितलं आणि ताईंचा चेहरा उतरला. गळ्यातल्या माळेवर हात गेला. "अंड्यातली? मग मला न्हाई जमायचं."

घरी दोन दिवस हा विषय. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, आधी रागावले, मग गप्प बसले. माझी लेक ताईंना जीवशास्त्र समजावायला गेली आणि हात हलवत परत आली. मी मधे पडले नाही. माळेचा प्रश्न ज्याचा त्यानं सोडवायचा असतो. ताई त्यांच्या दिंडीतल्या एका बुजुर्ग महाराजांना फोन करून बोलल्या. ते म्हणाले म्हणे, "औषधं जाह्नवीतोयं, वैद्यो नारायणो हरिः. जिभेच्या चोचल्यासाठी खाल्लं तर माळ विचारंल, औषधाला न्हाई विचारत." ताईंनी लस घेतली. टोचताना डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल चाललं होतं, ते अर्थात कुठलीही सुई असली तरी चालतं. त्यांना काहीच झालं नाही. माझं अंग मात्र पाचव्या दिवशी चांगलं ठणकलं, ऑफिसात स्वेटर घालून बसले, मे महिन्यात. काही जणांना असं चार-पाच दिवसांनी होतं, आपोआप जातं.

मला खरी काळजी दादांची होती. वय सहासष्ट. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस आयुष्यात पहिल्यांदा देताना डॉक्टर दोनदा विचार करतात. ती जिवंत लस आहे, आणि क्वचित, फार क्वचित, तिचाच विषाणू शरीरात पसरून यकृत-मूत्रपिंडांवर घाला घालू शकतो. वय वाढेल तसा हा धोका वाढतो. दादांचं रक्तदाबाशिवाय काही नव्हतं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या झाल्या आणि घेतली. पण त्यांचे एक जुने मित्र आमच्यासोबत येणार होते, त्यांचं फिसकटलं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेतात. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना जिवंत लस द्यायला डॉक्टर राजी होत नाहीत. डॉक्टरांचं सूटपत्र घेऊन जाता येतं, पण सूटपत्र म्हणजे पास नव्हे. परत आल्यावर वेगळं ठेवायचं की नाही हे विमानतळावरचे अधिकारीच ठरवतात. आणि मूळ मुद्दा तर राहतोच, लसीविना त्या मुलखात डास चावला तर? गोळी मनानं बंद करून लस घ्यायचा सल्ला त्यांना रंकाळ्यावर मिळाला. असले सल्ले तिथे भेळेसोबत फुकट मिळतात. त्यांनी ऐकला नाही, हे नशीब.

राग मला एजंटचा आला. पैसे घेताना पासपोर्टची मुदत विचारली, जेवण व्हेज-नॉनव्हेज विचारलं, खिडकीची जागा विचारली, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं नाही. ॲडव्हान्समधली चांगली रक्कम कापली गेली. दादांचे ते मित्र नंतर व्हिएतनामला गेले, मजेत फिरून आले. म्हणून माझं मत पक्कं झालंय, की पिवळ्या तापाच्या देशात जायचं असेल तर पहिला हप्ता भरायच्या आधी डॉक्टरकडे जायचं, नंतर नाही. साठीच्या पुढचे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या, कॅन्सरचे किंवा संधिवाताचे उपचार चालू असलेले, स्टेरॉइड घेणारे, अंड्याची जोरदार ॲलर्जी असलेले, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ असलेले, यांनी तर नक्कीच.

बाकीच्या लसी त्या मानानं सोप्या. टायफॉइड आणि काविळीच्या 'ए' प्रकाराची लस. 'ए'ची चर्चा माझ्यासाठी उलटीच निघाली. मला वाटलं होतं आम्हा म्हाताऱ्यांना लस लागणार आणि तरण्या लेकीला नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही विहिरीचं, नळाचं, नदीचं पाणी पिऊन वाढलात. लहानपणी 'ए' तुम्हाला नकळत होऊन गेली असण्याची शक्यता भरपूर, आणि ती एकदा झाली की पुन्हा होत नाही. ही पोरगी जन्मापासून फिल्टरचं पाणी पितेय, हिलाच आधी टोचा. आणि मोठेपणी 'ए' झाली तर ती लहानपणापेक्षा जास्त त्रास देते. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दादांनी लगेच इचलकरंजी काढली. २०१२ ची ती काविळीची साथ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. ती 'ई' प्रकारची होती. तीही दूषित पाण्यातूनच येते, पण तिची लस आपल्याकडच्या दवाखान्यात मिळत नाही. तिथे उकळलेलं किंवा सीलबंद पाणी हाच उपाय. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नव्हता तो सगळ्यांनी घेतला. या जिवंत नसलेल्या लसी एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडात चालतात. गोवरासारखी दुसरी जिवंत लस बाकी असेल तर ती पिवळ्या तापाच्याच दिवशी घ्या, नाहीतर मधे चार आठवडे सोडावे लागतात. तारखा, पुन्हा तारखा.

मलेरियाला प्रवाशांसाठी गोळ्याच आहेत, आणि इथे आमच्या घरी सगळ्यात जास्त रामायण झालं. दादांना त्यांच्या तरुणपणची क्लोरोक्विन आठवत होती. "कडू जहर असायची, पण ताप पळायचा." केनियातला मलेरिया बहुतेक करून फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा, आणि क्लोरोक्विनला तो दाद देत नाही. डॉक्टरांनी आम्हाला डॉक्सिसायक्लिन दिलं. १०० मिलिग्रॅम, रोज एक, निघायच्या दोन दिवस आधीपासून, तिथे असेपर्यंत, आणि परत आल्यावर चार आठवडे. मुक्काम सहा आठवड्यांच्या आतला असेल तर आपल्याकडे हीच पद्धत. लांब मुक्कामाला आठवड्याला एक अशी मेफ्लोक्विन देतात, ती दोन आठवडे आधी सुरू करावी लागते. डॉक्सिसायक्लिन गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. कुणाला काय, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. माझ्या लेखावरून गोळ्या घेऊ नका.

रामायण झालं ते दुधामुळे. आमचे हे लग्नाआधीपासून रात्री जेवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातात. म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ पेला हातात. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घेतलं तर दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि औषध अंगात नीट उतरत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची औषधं, सगळ्यांचं हेच. मधे किमान दोन तास हवेत. "मग गोळी सकाळी घ्या, दूध रात्री प्या," एवढा साधा तोडगा होता. पण ह्यांना सकाळी चहा लागतो आणि तो आमच्याकडे निव्वळ दुधाचा होतो. शेवटी गोळी दुपारच्या जेवणानंतर लावली. भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जाळते. दुपारी जेवल्यावर आडवं न होणं हा कोल्हापुरी माणसावर अन्याय आहे, पण झाला. हे औषध घेत असताना ऊनही जास्त लागतं, आणि मसाई मारा विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर. हवा महाबळेश्वरसारखी गार, म्हणून ऊन जाणवत नाही, आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं. रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

कपड्यांवरून आठवलं. आमच्या लेकीच्या कपाटात काळ्याशिवाय रंग नाही आणि ह्यांचे सगळे ट्रॅकसूट गडद निळे. तिकडची त्सेत्से माशी नेमकी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे झेपावते आणि कापडातूनही कडकडून चावते. लक्ष्मीपुरीत जाऊन सगळ्यांना फिक्या खाकी रंगाचे शर्ट घेतले. मलेरियाचा डास संध्याकाळनंतर चावतो, त्यामुळे तिन्हीसांजेला मोजे आणि पूर्ण पँट. अंगाला लावायचं मलम डीट किंवा पिकारिडिन असलेलं घ्या. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की मग हे. उलटं केलं तर डासाच्या मलमाचा उपयोग कमी होतो.

आता पिशवी. औषधांचं पाकीट भरताना दोन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, आणि ती आपल्या बंदीसारखी नाही. मेडिकलवाल्यानं दिलेली पिशवी तशीच बॅगेत टाकून नेऊ नका. मी ऑफिसच्या जुन्या कापडी फाइल-पिशव्या वापरल्या. दुसरी गोष्ट खसखस. परतताना दुबईला दादांच्या लेकीकडे थांबायचं होतं, आणि ताईंनी लाडाच्या लेकीसाठी घरचा मसाला बांधून ठेवला होता. ताई स्वतः खात नसल्या तरी जावयाला पांढरा रस्सा लागतो, त्यासाठी काजू-खसखस-तीळ दळून केलेलं वाटण वेगळं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस ही अफूच्या झाडाची बी म्हणून बंद आहे, मसाल्यात मिसळलेली असली तरी. ते वाटण घरीच राहिलं, फ्रीजमध्ये, आणि आम्ही आल्यावर मी त्याचाच रस्सा केला. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांनाही तिथे आधी परवानगी लागते. घरात कुणी घेत असेल तर आधी विचारा. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ज्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. परदेशातल्या फार्मसीवाल्याला आपले ब्रँड कळत नाहीत. इन्शुलिन सामानात टाकायचं नाही, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं.

ओआरएसची पाकिटं घेताना पाठीमागे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का बघा. नुसतं गोड सरबत जुलाब वाढवतं. दातांची दुखणी आधी निस्तरून घ्या, चष्मा जास्तीचा ठेवा. विमा काढताना रक्तदाब, साखर लपवू नका. दोनशे रुपये वाचतील आणि दावा करायच्या दिवशी कंपनी तेच कलम काढून दाखवेल. पॉलिसीत विमानानं रुग्ण हलवण्याचा खर्च आहे ना, ते बघा. मारातून मोठ्या इस्पितळात जायचं म्हणजे नैरोबीच, आणि खडखडाट रस्त्यानं पाच-सहा तास. तिथे आम्रेफ या संस्थेची उडत्या डॉक्टरांची सेवा १९५७ पासून आहे, ती अशाच वेळी उपयोगी पडते.

आणि पोहणं. पंचगंगेच्या पुलावरून उड्या मारलेली आमची माणसं, पाणी दिसलं की पाय शिवशिवतात. आफ्रिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत, व्हिक्टोरिया सरोवरात तर खासच, गोगलगायींतून निघणारा एक परजीवी असतो. तो न चावता, न गिळता, धड कातडीतून आत शिरतो. बिलहार्झिया म्हणतात. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी पुरे. पाणघोडे आणि मगरी आहेत हे सांगून दादा थांबले नव्हते, हे ऐकून थांबले. लॉजवरची माकडंही लांबूनच बघायची. चावलं किंवा ओरबाडलं तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवून थेट रेबीजची लस. ते तर राजारामपुरीतल्या कुत्र्यांनी आम्हाला शिकवलेलंच आहे.

सहल छान झाली, त्यावर वेगळं लिहीन. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचं टेबल होतं, कार्डं दाखवली, शिक्का बघितला, चला. आमच्या मागे एक तरुण जोडपं अडकलं. त्यांनी निघायच्या चार दिवस आधी लस घेतली होती आणि "लस तर घेतलीय ना" हे पुन्हा पुन्हा सांगत होतं.

घरी आल्यावर गोळ्या बंद करायचा मोह सगळ्यांना होतो. गणपती, गौरी, पाहुणे, त्यात कसली आलीय गोळी. पण मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि मग रक्तात उतरतात, म्हणून ते चार आठवडे. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना ताप आला. एकशे दोन. पावसाळ्यात कोल्हापुरात ताप म्हटलं की डॉक्टर आधी डेंग्यूकडे बघतात, ते साहजिक आहे. दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या मी सांगितलं, "दोन आठवड्यांपूर्वी केनियाहून आलोय." त्याच तासाला मलेरियाची तपासणी, रक्ताची काचपट्टी आणि किट दोन्ही, सोबत डेंग्यूचीही. निगेटिव्ह आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मलेरियासाठी रक्त घेतलं, कारण एका निगेटिव्हवर डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही. शेवटी मंडळाच्या गर्दीतून आणलेला साधा व्हायरल निघाला. गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो आणि फाल्सिपेरम एका-दोन दिवसांत बिघडतो, म्हणून परतल्यापासून तीन महिने कुठलाही ताप त्याच दिवशी दाखवायचा. मी मोबाइलमध्ये डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रिमाइंडर लावलाय, आणि आम्ही कुणी घरी नसलो तर डॉक्टरांना काय सांगायचं ते सासूबाईंकडूनही पाठ करून घेतलंय.